व्यंकटरावांच्या दहाव्याला दिलेला शब्द

छत्रपती संभाजीनगर
८ जुलै २०२४

तीर्थरूप आत्यास,
स्वरालीचा नमस्कार.

फोन केला की तू "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" म्हणून ठेवून देतेस. व्हॉट्सॲप उघडत नाहीस, कारण मंदारदादा त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवतो. म्हणून हे पाकीट. पोस्टात तिकीट मागितलं तर तिथल्या माणसाने माझ्याकडे वर-खाली बघितलं.

माझं एम.ए. समाजशास्त्राचं दुसरं वर्ष सुरू झालं. यंदा लघुप्रबंध लिहायचाय. मला आठवडी बाजार हवा होता, पण पाचोडचा बाजार आमच्या वर्गातल्या सुदर्शनने पटकावला. त्याचा मामा तिथलाच, त्यामुळे अभ्यासही होतो आणि जेवणही. सर म्हणाले, "समाज बघायला लांब कशाला जाता? घरातलीच एखादी गोष्ट घ्या, जी सवयीने दिसेनाशी झालीय." मी दहावा घेतला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

म्हणजे असं बघ. दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. तो येत नसला की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिलीय असं धरून नातेवाईक एकेक करून मोठ्याने शब्द देतात. "धाकटीचं लग्न लावून देऊ." "वाटणी सरळ करू." चारचौघांत, हात जोडून. मला ते शब्द गोळा करायचेत, आणि मग त्या त्या घरी जाऊन विचारायचंय, पाळला का? पैठणच्या एका गुरुजींनी गेल्या वर्षीचे पत्ते द्यायचं कबूल केलंय.

त्याआधी एक नमुना म्हणून आपल्या व्यंकटरावकाकांचा दहावा घ्यावा असं मनात आहे. तुला वाईट वाटणार असेल तर नको. आमच्या घरून जानेवारीत कोणीच घाटावर नव्हतं, बाबांचा पाय प्लास्टरमध्ये आणि माझी परीक्षा. कावळ्याने फार वेळ लावला एवढंच ऐकलं. मंदारदादा तेव्हा काय म्हणाला होता, ते सांगशील?

तुझी,
स्वराली

*

कन्नड
१५ जुलै २०२४

चि. स्वरालीस,
अनेक आशीर्वाद.

तीर्थरूप फक्त आईबापांना लिहायचं असतं. आत्या तीर्थस्वरूप. समाजशास्त्रात हे शिकवत नाहीत वाटतं.

वाईट कशाला वाटेल? उलट तुझे काका गेल्यापासून त्यांच्याबद्दल कोणी काही विचारलेलं नाही. सगळे माझ्या गुडघ्यांबद्दल विचारतात.

आमच्यात बायका घाटावर जात नाहीत, त्यामुळं मी घरीच होते. पण इथं बातमी लपत नाही, आणि मला ऐकू येत नाही म्हणून प्रत्येक जण ती दोनदा सांगतो. तर ऐक. शिवना नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा झाडावर बसलेला, खाली येईना. मंदार म्हणाला, "बाबा, तुमची पुस्तकं वाचनालयाला देतो." नाही. "वर्षश्राद्ध यथासांग करतो." तरी नाही. मग तो म्हणाला, "आई हयात असेपर्यंत कन्नडचं घर विकणार नाही, तिला इथून हलवणार नाही." झालं, कावळा उतरला आणि शिवला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला असं तू म्हणशील. म्हण बापडी.

हे सगळं लिहून घे. पण एका म्हातारीच्या सांगण्यावर शास्त्र उभं राहत नाही. तू इथं ये, माझ्याकडं राहा आणि जे जे घाटावर होते त्यांना विचारून पक्कं कर. आपले शेजारी कारभारी होते, गुरुजी होते, तहसील कचेरीतले तुझ्या काकांच्या बरोबरीचे दोघं-तिघं होते. वहीत नावासकट लिही. कॉलेजातून लिहून घ्यायला माणूस आलाय म्हटलं की लोक नीट बोलतात.

मंदारला एवढ्यात काही विचारू नकोस. तो फार कामात असतो.

येताना मला चांगली हळद आण. इथली नुसती रंगाची आहे.

तुझी,
भानुमतीआत्या

*

छत्रपती संभाजीनगर
२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप (बघ!) आत्यास,
नमस्कार.

तुझ्याकडून येऊन आठवडा झाला, अजून कपड्यांना तुझ्या लसणीच्या फोडणीचा वास आहे. माझं कन्नडचं काम इतकं छान झालं की सुदर्शन जळतोय. नऊ जणांच्या मुलाखती, आणि नऊच्या नऊ जणांनी शब्द दिल्याचं सांगितलं! गुरुजी तर म्हणाले, "हो हो, दिला होता शब्द. असे शब्द मी विसरत नाही." महिन्याला वीस दहावे करणाऱ्या माणसाची ही स्मरणशक्ती. कारभारीकाकांनी आधी डोकं खाजवलं, मग म्हणाले, "व्हय तर! म्या तिथंच व्हतो ना बाई. लई टाइम झाला व्हता. मंदार मालकानं घराचा सबूद देला अन् कावळा अस्सा सुईसारखा आला." फरक एवढाच की कोणी म्हणतं पुलाकडून आला, कोणी म्हणतं लिंबावरून, एकजण म्हणाले दोन आले. तपशील बदलतात, गाभा टिकतो, असं मी लिहिलंय. तुमच्या गावाची सामूहिक स्मृती फार पक्की आहे गं आत्या.

पैठणला मात्र घोटाळा झाला. एका घरी गेल्या वर्षी तिघा भावांनी बापाला शब्द दिला होता की रुसलेल्या बहिणीला सणाला माहेरी आणू. मी जाऊन नुसतं विचारलं, "आणलं का?" थोरल्याचा चेहरा पडला. त्याने मला चहा पाजला आणि माझ्यासमोर जीप काढून बहिणीला आणायला माणूस पाठवला. दुसऱ्या घरी मी गल्लीत शिरतेय असं कळताच आजोबांच्या नावाने हापसा बसवायला सुरुवात झाली. सर वैतागले. म्हणाले, "तू समाजाचा अभ्यास करतेयस की समाज सुधारतेयस? तू गेल्यावर पाळलेला शब्द मोजायचा कसा?" आता त्यांना काय सांगू.

तू बरी आहेस ना? मी असताना तू दोनदा मंदारदादाचं पत्र वाचून उशीखाली ठेवलंस. विचारायचं राहिलं.

तुझी,
स्वराली

*

कन्नड
१० सप्टेंबर २०२४

चि. स्वराली,
आशीर्वाद.

ते मंदारचं पत्र नव्हतं, मंदारने छापून पाठवलेलं पुण्याच्या खोलीचं चित्र होतं. अकराव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली केलीय. भिंतीला गुलाबी रंग. दिवाळीला येतोय, सोबत इथलेच एक कापड दुकानदार घर बघायला येणार आहेत. आपलं घर स्टँडजवळ, चांगली किंमत येईल म्हणतो. खरं आहे त्याचं.

मुलगा वाईट नाही गं. त्याला वाटतं, आई एकटी, ऐकू येत नाही, पडली-झडली तर कळायचं कुणाला. पण तुझे काका गेल्यावर मी दोन महिने तिकडं राहून आले. सगळी माणसं भली. लिफ्टमध्ये हसतात. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर आणखी गोड हसतात, आणि मग कोणी बोलतच नाही. सूनबाई कामावरून येऊन मोबाइलवर लिहून दाखवायची, "जेवलात का?" दोन महिन्यांत माझ्याशी कोणी भांडलं नाही की मला कोणी चिडवलं नाही. मी त्या घरातली कुंडी झाले होते, वेळेवर पाणी घातलेली. इथं द्वारकाबाई दूध घालायला येते ती फाटकापासून ओरडत येते. सगळं गाव माझ्याशी ओरडून बोलतं. त्या ओरडण्यावर मी जगते, हे त्याला कसं पटवू?

तू येऊन गेल्यापासून मात्र गंमत झालीय. बाजारात लोक थांबवून सांगतात, "काकू, पोरानं लई मोठा सबूद देला." मी मान डोलावते.

तू तुझं काम चालू ठेव. हळद चांगली निघाली.

तुझी,
आत्या

*

पुणे
६ नोव्हेंबर २०२४
(ईमेल)

स्वराली,

दिवाळीच्या शुभेच्छा देण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

पाडव्याला मी त्या दुकानदारांना घर दाखवत होतो. गच्चीवर असताना शेजारून कारभारी ओरडले, "मालक, त्ये घर तर वचनातलं हाय! व्यंकटरावांच्या कावळ्याला सबूद देल्याला हाय!" दुकानदार जिन्यातच थांबले. मग चौकशी केली तर अख्खं गाव तेच सांगतंय. गुरुजींनी तर मला मिठी मारून "धन्य मुलगा" म्हटलं. दुकानदारांनी हात जोडले. म्हणाले, "साहेब, कोर्टाचा स्टे असता तर बघून घेतला असता. पण ह्याच्यात आम्ही पडत नाही."

असा कोणताही शब्द मी दिलेला नाही. मी पुस्तकांबद्दल बोललो, श्राद्धाबद्दल बोललो, आणि कावळा आलाच नाही. शेवटी गुरुजींनीच दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, कारण दुपार होत आली होती आणि मला पुण्याला परतायचं होतं. हे घाटावरच्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलंय. आणि तूच नऊ जणांना विचारत फिरलीस असं कळलं.

तुझं शिक्षण मी कधी चेष्टेत घेतलं नाही. म्हणून विनंती करतो. तुझ्या विभागाच्या कागदावर एवढंच लिहून दे, की अभ्यासाअंती असा शब्द दिल्याचा पुरावा आढळला नाही. तेवढं दाखवलं तर दुकानदार अजून तयार होतील. आईला मी फेकून देत नाहीये. तिला माझ्याजवळ आणतोय. हे तरी समजून घे.

मंदार

*

छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२४

आत्या,

मायना नाही, कारण मी रागावलेय.

मंदारदादाचा मेल छापून सोबत ठेवलाय. वाच. मी तो घेऊन सरांकडे गेले. त्यांनी माझी प्रश्नावली मागितली आणि पहिलाच प्रश्न वाचून चष्मा काढला. प्रश्न होता, "मंदाररावांनी घर न विकण्याचा शब्द दिला, तेव्हा तुम्ही कुठे उभे होता?" सर म्हणाले, "अगं, कुठे उभे होता हे विचारलंस. दिला का, हे कुणालाच विचारलं नाहीस." नऊच्या नऊ जणांना मी उत्तर हातात देऊन पुन्हा त्यांच्याकडून मागून घेतलं. पहिल्या वर्षाला हे आम्हाला शिकवलं होतं. त्या पेपरात मला सत्तर मार्क आहेत.

आणि उत्तर मला कुणी दिलं होतं? तू. तू तर घाटावर नव्हतीसच.

तू मला खोटं सांगितलंस का? खरं लिही. एवढं मला कळलंच पाहिजे, कारण दादाला काय लिहून द्यायचं ते मला ठरवायचंय, आणि तुझं घर त्यावर अवलंबून आहे.

स्वराली

*

कन्नड
१४ नोव्हेंबर २०२४

चि. स्वरास,
आशीर्वाद. राग आला तरी आशीर्वाद बंद होत नसतात.

हो, खोटं सांगितलं. दर्भाच्या कावळ्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं. द्वारकाबाईनं सांगितलं, तेही दोनदा.

पुस्तकं आणि श्राद्ध! चाळीस वर्षं ज्या माणसानं पुस्तकाला हात लावला नाही, त्याला पोरगा पुस्तकांचं सांगतो. कावळा येईल कसा? तुझे काका दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी मला दोन वेळा विचारलं, "भानू, तू कुठं राहशील?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा तेवढा तरी उपयोग. ते तसेच गेले. दहाव्याला नदीवर जे एक वाक्य बोलायला पाहिजे होतं ते कोणी बोललं नाही. सहा महिने मला ते सलत होतं. मग तुझं पत्र आलं, आणि ते वाक्य मी बोलले. उशीर झाला, एवढंच.

तू विचारशील, सही माझीही लागते, मग मी सरळ नाही का म्हणाले नाही? स्वरा, एकुलत्या एका मुलाला नाही म्हणायचं म्हणजे पुढचं सगळं आयुष्य त्या नाहीबरोबर काढायचं. बापाचा शब्द पुढं केला की मला काही म्हणावं लागत नाही. कॉलेजच्या पोरीनं वहीत लिहिलं की गावाला ते खरं वाटेल, हे मला माहीत होतं. तहसील कचेरीतल्या माणसाची बायको आहे मी. कागदावर चढलं की ते होतं.

तुला वापरलं, त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. तुझ्या प्रबंधाचं नुकसान झालं असेल. मंदारला काय लिहायचं ते तू ठरव. खरं लिहिलंस तरी मी रुसणार नाही, गुलाबी खोलीत जाऊन बसेन.

तुझी,
आत्या

*

छत्रपती संभाजीनगर
२० नोव्हेंबर २०२४
(ईमेल)

मंदारदादा,

तुझी विनंती मी विभागात विचारून पाहिली. संशोधनाचे काही नियम असतात. मुलाखत देणाऱ्यांनी काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, ते मी बाहेरच्या कुणालाही देऊ शकत नाही, अगदी नातेवाइकांनाही. गोपनीयतेची हमी मी त्यांना सहीनिशी दिलेली आहे. दुकानदारांना दाखवण्यासाठी तर नाहीच नाही.

एक मात्र बहीण म्हणून लिहिते. आत्या तुमच्याकडे दोन महिने राहिली, तेव्हा तिच्याशी कोण बोलायचं? मोबाइलवर लिहून नव्हे, बोलायचं. तिला ऐकू येतं रे, फक्त जोरात बोलावं लागतं. तुमच्या सोसायटीत जोरात बोललेलं चालत नसेल तर मला माहीत नाही.

जानेवारीत वर्षश्राद्ध आहे. एक दिवस आधी ये आणि तिच्याशी ओरडून बोल.

स्वराली

*

पुणे
१७ फेब्रुवारी २०२५
(ईमेल)

प्रिय स्वराली,

तुझा नोव्हेंबरचा मेल वाचून मला राग आला होता, म्हणून उत्तर दिलं नाही. आता तो राहिलेला नाही.

श्राद्धाला तुझ्या सांगण्याप्रमाणे आधी गेलो. निघताना आईशी एकदाचं बोलूनच टाकू असं ठरवलं होतं. पण बसमधून उतरल्यापासून लोक थांबवत होते. तहसील कचेरीतल्या एका जुन्या शिपायाने माझे हात हातात घेतले, म्हणाला, "साहेबांचं पांग फेडलं तुमी." रडला गं तो. श्राद्धाच्या पंगतीत प्रत्येक जण त्या दिवसाची हकिगत सांगत होता. ऐकता ऐकता माझ्याही काही गोष्टी लक्षात यायला लागल्या.

स्पष्टच लिहितो. त्या दिवशी मी फार गोंधळलेला होतो, झोप नव्हती, बाबा नुकते गेलेले. मी घराबद्दल काही बोललोच नाही असं तुला लिहिलं, ते घाईत लिहिलं. मला आता आठवतंय की मी बोललो होतो. कदाचित मोठ्याने नसेन. पण मी पाण्याकडे तोंड करून उभा होतो, ऊन डोळ्यांवर येत होतं, आणि आई कन्नडलाच राहील, असं मी म्हटलं. दर्भाचं मी लिहिलं होतं, तेही बहुधा दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याचं असावं.

घर विकण्याचा विषय मी बंद केलाय. आईला तसं ओरडून सांगितलं. ती हसली.

तुझा प्रबंध झाला की एक प्रत पाठव, मला वाचायचाय. आणि गोपनीयतेचं तू लिहिलं होतंस, म्हणजे खरी नावं देत नसाल, पण माझी काही हरकत नाही. माझं नाव खुशाल दे. बाबांचंही.

तुझा,
मंदारदादा

*

छत्रपती संभाजीनगर
३ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,
नमस्कार.

दादाचा मेल सोबत आहे. आधी तो वाच, मग हे.

आता माझी पंचाईत बघ. नोव्हेंबरात सरांना मी सगळं खरं सांगितलं तेव्हा वाटलं होतं, कन्नडचा भाग काढून टाकायला सांगतील. ते उलट खुर्चीत सरसावून बसले. म्हणाले, "हाच तुझा प्रबंध! न दिलेला शब्द गावाने कसा घडवला, हे लिही. दिलेले शब्द कोणीही मोजेल." गेले तीन महिने मी तेच लिहितेय. चौथं प्रकरण पूर्ण त्यावर आहे, दर्भाच्या कावळ्यासकट. नावं बदललीत, पण शिवनेचा काठ आणि तहसील कचेरीतला अव्वल कारकून वाचून दादाला कळणार नाही असं होणार नाही. सरांचं म्हणणं, हे प्रकरण राहिलं तर पहिला वर्ग नक्की, पुढे पीएच.डी.लाही हेच नेता येईल. हे काढलं तर उरतो पैठणचा हापसा.

आणि दादा म्हणतो, प्रत पाठव, नाव छाप! शब्द दिलाच नव्हता हे सिद्ध करणाऱ्या प्रकरणात त्याला शब्द देणारा म्हणून नाव हवंय. सुदर्शनला सांगितलं तर तो हसून खुर्चीवरून पडला. मला हसू आलं नाही. घर आता सुरक्षित आहे, मग खरं छापायला काय हरकत, असं एक मन म्हणतं. प्रबंध एकतीस तारखेला द्यायचाय. तू सांगशील तसं करते, पण लवकर सांग.

तुझी,
स्वराली

*

कन्नड
८ मार्च २०२५

चि. स्वरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंदारचं पत्र दोन वेळा वाचलं. मग द्वारकाबाईला वाचून दाखवलं, कारण एकटीला ते पेलवेना. दर्भाच्या कावळ्याचं तिनंच मला सांगितलं होतं, तेही ती आता विसरलीय; मी काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "काकू, रडता काहून? चांगलंच लिव्हलंय की."

तू म्हणतेस घर सुरक्षित आहे. घराचं मी कधीच सोडून दिलं होतं गं. तो दुकानदार गेला, उद्या दुसरा आला असता. मला वाटत होतं मी त्याला अडकवलं, आणि तो आयुष्यभर तसंच समजून वागणार. आता त्याला आठवतंय की वडिलांना तो आपणहून बोलला. पाण्याकडे तोंड करून. हे मी त्याला शिकवलेलं नाही, माझ्या खोट्यात पाणी नव्हतं की ऊन नव्हतं. ते त्याचं त्यानं घातलंय. ज्याला वडिलांसाठी ते वाक्य मनात आणावंसं वाटलं, त्याला तुझ्या चौथ्या प्रकरणात जाऊन सांगायचं का, की तू दर्भाचा कावळा लावून बस पकडलीस?

ते प्रकरण काढ. तुझा पहिला वर्ग माझ्यामुळं जाईल, आणि ते मी भरून देऊ शकत नाही. मागतेय हे मला माहीत आहे, आणि तरी मागतेय. सरांना सांग, मुलाखत देणारीनं परवानगी मागं घेतली. तो नियम आहे ना तुमच्यात? मंदारला तू असलेच नियम लिहून पाठवले होतेस, त्यानं सांगितलं. पैठणच्या हापशाचं नीट लिही, त्याला पाणी तरी लागलंय.

परीक्षा झाली की ये आणि पंधरा दिवस राहा. मंदार मे महिन्यात येऊन घराला रंग देतो म्हणालाय, कोणता द्यायचा म्हणून मला ओरडून ओरडून विचारत होता, पलीकडून कारभारींनी निळा सांगितला. तेव्हा तूही ये. फक्त त्याच्यासमोर कुणालाही काही विचारू नकोस.

तुझी,
आत्या